ॲपवालं घड्याळ की बिनॲपचं? भाच्याला दिलेलं लांबलचक उत्तर

भाचा खानापूरचा. भरतीची तयारी करतोय, पहाटे उठून पळतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळे आमच्या भागातल्या दर चौथ्या घरात असा एक पळणारा असतो. घड्याळ घेऊन देतो असं मी बोलून बसलो आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी त्याचा फोन. "मामा, ॲपवालं घेऊ की साधं, सांगा की वो."

साधं म्हणजे कंपनीनं जे भरून दिलंय तेवढंच चालणारं. त्यात बाहेरचं ॲप टाकता येत नाही, फार तर तबकडी बदलता येते. ॲपवालं म्हणजे वेअर ओएसवालं (ही गूगलची घड्याळासाठीची प्रणाली) किंवा ॲपल वॉच, ज्याला ॲपचं स्वतःचं दुकान असतं. आयफोन आमच्या घरात कुणाकडे नाही, म्हणून ॲपल वॉचबद्दल लिहितोय ते दुरून. बाकी दोन्ही तऱ्हा मी मनगटावर वागवल्यात. ॲपवालं साडेतीन वर्षं, साधं गेल्या दिवाळीपासून. पावलं, झोप, ऑक्सिजन यांत मी पडत नाही. ते दोन्हींत असतं आणि दोन्हींत सारखंच खरं-खोटं असतं.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि मागच्या बाजूला दोन लहान भट्ट्या, एक हार्डनिंगची, म्हणजे पोलाद तापवून कडक करायची, आणि एक टेंपरिंगची, म्हणजे मग त्याचा ठिसूळपणा कमी करायची. हात दिवसभर तेलात, त्यामुळे फोन ड्रॉवरमध्ये. तो वाजला तरी मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. मनगटावरची थरथर मात्र कळते. म्हणून मी ॲपवालं घड्याळ घेतलं होतं आणि त्यात कुणा एका हौशी माणसानं बनवलेलं टायमरचं ॲप टाकलं होतं. एका वेळी सहा टायमर, प्रत्येकाला नाव. 'हार्डनिंग ४०', 'टेंपर २ तास', 'चहा'. दिसायला अगदीच गबाळं, पण तीन वर्षांत एकदाही चुकलं नाही. खरं सांगायचं तर त्या घड्याळातलं तेवढं एकच ॲप मी वापरत होतो. बाकी हौसेनं टाकलेली दहा-बारा पहिल्या महिन्यातच विसरलो.

मग एका श्रावणी सोमवारी घड्याळ अडकलं. अपडेट आल्यावर कंपनीचं चिन्ह यायचं, जायचं, परत यायचं. दुकानदारानं सांगितलं, रीसेट करा. केलं. घड्याळ कोरं होऊन उठलं, फोनशी जोडलं, दुकान उघडलं, ॲपचं नाव शोधलं. नाही. फोनमध्ये त्या ॲपचं चिन्ह तसंच होतं, उघडतही होतं. घड्याळाचा भाग तेवढा बनवणाऱ्यानं मधल्या काळात काढून टाकला होता. घड्याळात आधीपासून होतं म्हणून चालत होतं, एकदा पुसलं की संपलं. ॲपला मी पैसे मोजले होते, पण तक्रार कुणाकडे नेणार?

त्या दिवशी घड्याळातला कंपनीचा टायमर लावला. तो एका वेळी एकच. टेंपरिंगचा लावला तेव्हा हार्डनिंगचा पुसला गेला, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पिनांचा लॉट भट्टीत अर्धा तास जास्त राहिला. बाहेर काढला तर अंगावर स्केल, म्हणजे जळका थर, नखानं पापुद्रे निघत होते. हुबळीच्या पार्टीनं लॉट परत पाठवला, ते बरोबरच केलं.

चूक माझी, हे मान्य. पण निर्णय झाला तो तिथं. बॅटरी रोज रात्री भरावी लागते याची कुरकुर मी साडेतीन वर्षं केली आणि घड्याळ काही सोडलं नाही. विकत घेतलेली वस्तू अर्धी आपली आणि अर्धी दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीवर, हे मात्र सोसवेना.

पुढे लक्ष ठेवून वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे दुखणं जुनं आहे आणि मोठ्यांनाही झालंय. ॲपल वॉचवरून २०१७ मध्ये गूगल मॅप्स, ॲमेझॉन आणि ईबे गाजावाजा न करता उतरले. मॅप्स २०२० मध्ये परत आलं. इन्स्टाग्राम २०१८ मध्ये गेलं, फेसबुकचं मेसेंजर २०२३ च्या मे अखेरीस. फिटबिट कंपनीनं २०२२ मध्ये व्हर्सा ४ आणि सेन्स २ ही घड्याळं काढली तेव्हा बाहेरच्या ॲपचा दरवाजाच लावून घेतला, तबकड्या तेवढ्या ठेवल्या. सॅमसंगनं २०२१ मध्ये गॅलॅक्सी वॉच ४ पासून आपली जुनी टायझन प्रणाली सोडून वेअर ओएस धरलं. जुन्यासाठी लिहिलेली ॲप नव्यावर चालत नाहीत, म्हणजे बनवणाऱ्यानं पाटी पुसून पुन्हा लिहायचं. पेबल या घड्याळ कंपनीची कथा तर वेगळीच. २०१६ च्या डिसेंबरात कंपनी मिटली, २०१८ च्या जूनमध्ये सर्व्हर बंद झाले आणि ती घड्याळं रेबल नावाच्या हौशी मंडळींनी जिवंत ठेवली. अशी मंडळी प्रत्येक घड्याळाच्या नशिबी नसतात.

ॲप बनवणाऱ्यालाही दोष देववत नाही. घड्याळाकडे आपण पाहतो पाच-सात सेकंद. मेसेज आला हे नोटिफिकेशननंच कळतं, त्यासाठी वेगळं ॲप उघडतो कोण? त्यात प्रत्येक घड्याळाचा पडदा वेगळा, बॅटरी चिमूटभर आणि दर एक-दोन वर्षांनी कंपनी नियम बदलणार. पाच-पन्नास गिऱ्हाइकांसाठी एवढी उस्तवार करायची तर हौस दांडगी लागते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट. घड्याळ टेकवून पैसे देणं हे बाहेरच्या देशांत मोठं आकर्षण. इथं गूगल वॉलेट २०२४ मध्ये आलं तेही टॅप करून पैसे द्यायच्या सोयीशिवाय. खडे बाजारात आपण क्यूआर स्कॅन करतो, त्याला फोन काढावाच लागतो.

उलटा प्रवाहही आहे, तो लपवत नाही. व्हॉट्सॲप २०२३ मध्ये वेअर ओएसवर आलं आणि २०२५ मध्ये ॲपल वॉचवरही. ज्याला मनगटावरून उत्तर द्यायचं असतं, गाडी चालवताना दोन शब्द बोलून पाठवायचे असतात, त्यानं माझं ऐकू नये. ॲपवालं घ्यावं.

साध्या घड्याळाचा मला झालेला त्रासही सांगतो, नाहीतर मामानं एकच बाजू सांगितली म्हणशील. अक्षरं. जुन्या घड्याळात मराठी आणि कन्नड दोन्ही मेसेज छापल्यासारखे यायचे. नव्यात मराठीची वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. बायकोनं 'मिरची आणा' लिहिलं की घड्याळ दाखवतं 'मरिची आणा'. जोडाक्षरांचे पाय मोडतात. आणि कन्नड आलं की नुसते चौकोन. आमचा कोळशाचा आणि लोखंडाचा सगळा व्यवहार कन्नडमधून, त्यामुळे पहिले पंधरा दिवस चौकोनांची ओळ बघून फोन काढायचा आणि वाचायचं, असं चाललं. आता चौकोन दिसले की ट्रक आला असं समजतो, बहुतेक वेळा खरं ठरतं. नवीन घड्याळ घेताना दुकानातच स्वतःला एक मराठी आणि एक कन्नड मेसेज पाठवून बघ. खोक्यावर हे कुणी लिहीत नाही.

आणि टायमर? याच्यातही एकच आहे. पण गजर दहा लावता येतात. भट्टीत लॉट गेला की काढायच्या वेळेचा गजर लावतो आणि कुठला गजर कुठल्या भट्टीचा हे भट्टीच्या दारावर खडूनं लिहितो. 'पिना – ११.४०'. आमचा लेथवरचा बाबू हसतो, "मालक, एवढं घड्याळ घेऊन शेवटी खडूच की वो." असू दे. दिवाळीपासून एकही लॉट जळलेला नाही. चार्जर महिन्यातून तीनदा शोधावा लागतो, आणि इतक्या दिवसांनी लागतो म्हणून सापडत नाही, हाच काय तो ताप.

आता तुझं. तुला १६०० मीटरची वेळ बघायची आहे, फेऱ्या मोजायच्या आहेत. स्टॉपवॉच आणि फेऱ्या साध्या घड्याळातही असतात. स्ट्रावावर, त्या धावा नोंदवायच्या ॲपवर, मित्रांना दाखवायचंय म्हणतोस, त्यालाही मनगटावर ॲप लागेलच असं नाही. बऱ्याच साध्या घड्याळांचं फोनमधलं ॲप धाव परस्पर स्ट्रावाला पाठवतं. ॲपची कितीतरी कामं अशी मनगटावरून खाली उतरून फोनात गेलीत, आणि तिथं ती जास्त टिकतात असं मला वाटतं. एकच गोष्ट पाहून घे, बाजूला खरं बटण हवं. जूनमध्ये झड लागली की ओल्या पडद्यावर बोट नुसतं घसरतं आणि फेरी सुरू करायला गेलास की भलतंच उघडतं.

मधला रस्ता हवाच असेल तर गार्मिन कंपनीचं घड्याळ. त्यांचं कनेक्ट आयक्यू नावाचं दुकान गेली दहाएक वर्षं चालू आहे, बॅटरीही बरी पुरते. मी वापरलेलं नाही, आणि तुझ्या मामाच्या खिशाला ते जरा जड आहे.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "एकदा घालून बघू काय तुमचं?" आठ दिवसांसाठी दिलं. त्याला आता तीन आठवडे झाले. परवा बहीण म्हणाली, अंघोळीलासुद्धा काढत नाही. मी सध्या जुनं ॲपवालं घालून फिरतोय. मेसेज छान दिसतात, मिरची मिरचीच असते. रात्री झोपताना चार्जिंगला लावायला विसरलो की सकाळी भट्टी पेटवेपर्यंत ते मेलेलं असतं.