फायरफॉक्सचे बुकमार्क: कोल्हापुरातल्या काउंटरवर किती उपयोगाचे?

लक्ष्मीपुरीतलं दुकान असो, राजारामपुरीतलं ई-सेवा केंद्र असो नाहीतर मार्केट यार्डातली अडत पेढी, ब्राउझरवरचं काम ठरलेलं असतं. महाभूलेखवर सातबारा, महावितरणचं बिल, शिवाजी विद्यापीठाचा निकाल, पणन मंडळाच्या साइटवर गुळाचा भाव, आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. वीस-पंचवीस पानं, रोज तीच. या कामाला विंडोजवरचा फायरफॉक्स कसा आहे, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. वेग, रॅम वगैरे बाजूला ठेवलंय. मत आधीच सांगतो: बुकमार्कच्या बाबतीत तो क्रोमपेक्षा सरस आहे, पण ज्या सोयींमुळे सरस आहे त्या इतक्या आत दडवल्यात की बहुतेकांना त्या असल्याचंही माहीत नसतं.

बुकमार्क करणं, म्हणजे पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये जपून ठेवणं, सोपं. कंट्रोल आणि डी दाबा किंवा पत्त्याच्या पट्टीतल्या ताऱ्यावर क्लिक करा. छोटी चौकट उघडते: नाव, जागा, टॅग. इथंच लोक घाई करतात आणि सरळ सेव्ह दाबतात. सरकारी पानांची नावं बऱ्याचदा नुसती 'होम' किंवा 'वेलकम' अशी असतात. असे सात-आठ 'होम' साठले की त्यांतला महावितरणचा कुठला हे देवालाच ठाऊक. म्हणून नाव तिथल्या तिथं बदलायचं. पत्त्याच्या पट्टीखालच्या बुकमार्कच्या पट्टीवर जागा कमी पडत असेल तर नाव पूर्ण पुसून नुसतं चिन्हही ठेवता येतं, पण सरकारी साइट्सना हे करू नका. बऱ्याच जणींचं चिन्ह तीच राजमुद्रा असते, ओळखायचं कसं?

आता टॅग, म्हणजे बुकमार्कला चिकटवायचे जादा ओळखशब्द. क्रोमच्या बुकमार्कला ही सोय नाही आणि मराठी माणसाला तिचा खरा उपयोग आहे. बुकमार्कचं नाव देवनागरीत 'सातबारा' ठेवलं आणि पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत सातबारा टाइप केलं, तर ते नाव जुळत नाही. कीबोर्ड मराठीत न्यायचा, शोधायचं, परत इंग्रजीत आणायचा, असला खेळ गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण करणार? टॅगच्या रकान्यात तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवला की प्रश्न मिटतो, कारण पत्त्याची पट्टी नाव, पत्ता आणि टॅग तिन्हींत शोधते. एका बुकमार्कला स्वल्पविराम देऊन हवे तेवढे टॅग लावता येतात. शोधताना इतिहासातली पानं मध्ये मध्ये येत असतील तर आधी फुलीसारखा तारा, म्हणजे शिफ्ट आणि ८, मग स्पेस, मग शब्द. फक्त बुकमार्कच दिसतात.

याहून भारी सोय कीवर्डची. ताऱ्याच्या चौकटीत ती दिसत नाही. बुकमार्कच्या पट्टीवरच्या बुकमार्कवर उजवी क्लिक करून 'एडिट बुकमार्क' उघडा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून लायब्ररीत, म्हणजे सगळे बुकमार्क दाखवणाऱ्या खिडकीत जा. तिथं टॅगजवळच कीवर्डचा रकाना आहे. महावितरणला 'एमबी', विद्यापीठाला 'एसयू' अशी इंग्रजीत दोन अक्षरं द्यायची. पुढं कंट्रोल-एल दाबून पत्त्याच्या पट्टीत जायचं, दोन अक्षरं, एंटर, आणि पान समोर. माउसला हात नाही. बुकमार्कच्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस घातलं तर कीवर्डनंतर लिहिलेला शब्द त्या जागी जाऊन बसतो. मराठी विकिपीडियाच्या शोधपानाला हे छान चालतं. महाभूलेखला चालत नाही, कारण तिथला शोध पत्त्यात येतच नाही.

महाभूलेखबद्दल जरा सविस्तर, कारण 'बुकमार्क उघडत नाही' ही तक्रार तिथलीच जास्त ऐकू येते. या साइटवर एकेक गोष्ट निवडत जायचं असतं. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. करवीर तालुक्यातल्या एका गावापर्यंत पोचल्यावर ते पान बुकमार्क केलं तर दुसऱ्या दिवशी तो गट समोर येत नाही. तुमची निवड पत्त्यात नसते, त्या वेळच्या सेशनमध्ये, म्हणजे साइटशी चालू असलेल्या तात्पुरत्या जोडणीत असते, आणि सेशन थोड्या वेळानं संपतं. यात फायरफॉक्सचा दोष नाही, दुसऱ्या ब्राउझरमध्येही हेच होईल. अशा साइटचं पहिलं पानच बुकमार्क करा. तसंच पीडीएफचं. निकालाचं किंवा परिपत्रकाचं पीडीएफ बुकमार्क केलं तर तो त्याच फाइलचा पत्ता असतो. नवं परिपत्रक नव्या पत्त्यावर येतं आणि तुम्ही जुनंच वाचत बसता. ज्या पानावर पीडीएफची यादी लागते ते पान ठेवायचं.

पाणीपातळीच्या पानाला दुसरीच अडचण. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पाणी त्याच्या आसपास असताना पान ताजं आहे की ब्राउझरनं साठवलेलं, याला महत्त्व आहे. साध्या एफ-५ नं कधी कधी साठवलेला भाग तसाच राहतो. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबलं की साठा वगळून सगळं नव्यानं मागवलं जातं. तरीही आकड्याशेजारची वेळ वाचाच. साइटवरच आकडा बदलला नसेल तर ब्राउझर काय करणार?

मागं जाण्याचं बटण सगळे वापरतात, पण ते दाबून धरलं किंवा त्यावर उजवी क्लिक केली की आधीच्या पानांची यादी येते, हे कमी जणांना माहीत असतं. काही साइट्स मधल्या पानावरून पुन्हा पुढं ढकलतात; तिथं यादीतून दोन पायऱ्या मागचं पान निवडायचं. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी नं परत येतो. बॅकस्पेसनं मागं जाणं मात्र फायरफॉक्सनं ८७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर बंद केलं, ते बरंच झालं. फॉर्म भरताना कर्सर रकान्याबाहेर असला की त्या एका कळीनं भरलेलं सगळं जायचं. पैसे भरल्यानंतरच्या पानावर मात्र अजूनही जपून: तिथं मागं जाणं किंवा एफ-५ दाबणं टाळा. 'माहिती पुन्हा पाठवावी लागेल' असं फायरफॉक्स विचारतो, तेव्हा रद्द करा आणि पावती साइटच्या व्यवहार यादीतून काढा.

बुकमार्क उघडण्याचा आणखी एक फायदा म्हणजे शोधनिकालातल्या जाहिराती आणि नकली साइट टळतात. पहिल्यांदा बुकमार्क करताना मात्र पत्ता नीट वाचा. महाभूलेखचा पत्ता जीओव्ही डॉट इननं संपतो, विद्यापीठाचा एसी डॉट इननं, महावितरणचा नुसत्या डॉट इननं. म्हणजे 'जीओव्ही नाही म्हणजे खोटं' हा नियम पुरत नाही. बिलावर छापलेला पत्ता बघून टाइप करा.

उणिवाही आहेत. साइटचा पत्ता बदलला तर मेलेले बुकमार्क तसेच पडून राहतात, फायरफॉक्स ते तपासत नाही. बुकमार्कच्या पट्टीवर मावले नाहीत की उरलेले टोकाच्या दुहेरी बाणामागं जातात आणि लोकांना वाटतं उडाले. खाजगी विंडोत इतिहास राहत नाही, पण तिथं केलेला बुकमार्क राहतो आणि काउंटरवर बसणाऱ्या पुढच्या माणसाला दिसतो. मोबाइलवर सिंक केल्यावर, म्हणजे दोन्हीकडचे बुकमार्क एकसारखे ठेवायची सोय चालू केल्यावर, संगणकावरचे बुकमार्क 'डेस्कटॉप बुकमार्क्स' या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, शोधावे लागतात.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात असू द्या. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. खरा बॅकअप लायब्ररीतल्या 'इम्पोर्ट अँड बॅकअप' मध्ये आहे. फायरफॉक्स स्वतःहून तारीखवार प्रती ठेवतो, साधारण शेवटच्या १५. पोरानं अख्खं फोल्डर उडवलं तरी 'रिस्टोअर' मधून कालची तारीख निवडता येते. फक्त रिस्टोअर आत्ताचे सगळे बुकमार्क काढून त्या जागी जुने ठेवतो, भर घालत नाही. त्यामुळं आधी 'बॅकअप' दाबून आजची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. नव्या संगणकावर आहेत त्यांत भर घालायची असेल तर एचटीएमएल फाइल काढून ती इम्पोर्ट करा.

पाचपैकी चार. पाचवा तारा कीवर्डचा रकाना ताऱ्याच्या चौकटीत आणतील त्या दिवशी.