टर्मिनलमध्ये हिब्रू: खिडकीवर सोपवावं की फिल्टर लावावा?

टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून कमांड देण्याच्या खिडकीत, हिब्रू दिसतच नाही, ही तक्रार आता फारशी उरलेली नाही. यूटीएफ-८ (जगभरच्या लिप्या साठवण्याची पद्धत) आणि बरासा फॉन्ट असला की अक्षरं उमटतात. अडचण अशी की ती उलटी उमटतात, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. फाइलमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानेच साठवलेली असतात आणि साधं टर्मिनल ती डावीकडून मांडत सुटतं. हिब्रू न वाचणाऱ्यालाही हे ओळखता येतं. शब्दाच्या शेवटी येणारं ‘मेम’ हे चारही बाजूंनी बंद, चौकोनी अक्षर असतं. ‘शालोम’ लिहिलंय आणि चौकोन उजव्या टोकाला आहे, म्हणजे शब्द उलटा पडलाय. तो डावीकडे हवा.

माझ्या कामात इस्रायलमधल्या ग्राहकाच्या नोंदी सतत पडद्यावर असतात, त्यामुळे दोन्ही वाटा बऱ्यापैकी तुडवून झाल्या. एक वाट म्हणजे टर्मिनल आहे तेच ठेवायचं आणि मजकूर फ्रिबिडी या, अक्षरं योग्य दिशेने लावून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या फिल्टरमधून सोडायचा. दुसरी म्हणजे दिशेचं काम स्वतःच करणारं टर्मिनल घ्यायचं: जीनोम टर्मिनल, कॉन्सोल, एमएलटर्म, किंवा विंडोजवर गिट बॅशसोबत येणारं मिंटी.

फिल्टरच्या बाजूने बोलायचं तर ही वाट कुठेही चालते. सर्व्हरवर दुसरं काही बसवायची परवानगी नसते, लिनक्सच्या ग्राफिक्सविना कन्सोलला दिशेची काही कल्पनाच नसते, अशा ठिकाणी फ्रिबिडी खरोखर तारून नेतो. ओळी उजवीकडे सरकवणं आणि लांब ओळी तोडणं हे दोन्ही पर्याय आधी बंद करा, म्हणजे निम्मा वैताग कमी होतो. पाइप लावला, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला दिलं, की बहुतेक कमांड रंग सोडून देतात, तेवढं सोसायचं.

मला जे सोसलं नाही ते कॉपी करणं. फिल्टर अक्षरांचा क्रम खरोखरच बदलतो. पडद्यावर नाव अगदी बरोबर दिसतं. ते माउसने उचलून ग्रेपला, म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडला, द्या, कमांडच्या ओळीतही ते बरोबरच दिसतं आणि ग्रेप मात्र गप्प. फाइलमध्ये नाव आहे, समोर दिसतंय, पण सापडत नाही, कारण तुमच्या हातात आलेला शब्द शेवटच्या अक्षरापासून सुरू होतो. तोच मजकूर मेलमध्ये चिकटवला तर समोरचा प्रोग्रॅम नियमाप्रमाणे पुन्हा दिशा लावतो आणि पलीकडच्या माणसाला सगळं उलटं वाचावं लागतं. आमच्याकडे तक्रारींच्या शीटमध्ये अशी उलटी नावं शिरली आणि ती निस्तरण्यात बराच वेळ गेला. दिवसभरात क्वचितच काही उचलावं लागत असेल तर तुम्हाला हे कदाचित जाणवणारही नाही. माझं निम्मं काम उचलणं-चिकटवणं हेच आहे.

जीनोम टर्मिनलमध्ये मूळ क्रम जागचा हलत नाही, फक्त दाखवताना फिरतो. निवडताना ठळक झालेला पट्टा मधेच तुटलेला दिसतो, पहिल्यांदा बिचकायला होतं, पण हातात येतं ते बरोबर. ही सोय त्याच्या आतल्या व्हीटीई लायब्ररीच्या ०.५८ आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये आली. एग्मोंट कोब्लिंगर यांनी ती नुसती बसवली नाही, तर टर्मिनलांनी दिशेचं काय करावं याचा सविस्तर मसुदाही लिहिला. कॉन्सोलमध्येही सोय आहे, तिथे प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये त्या पर्यायापुढे खूण आहे की नाही तेवढं पाहा.

आता याची खोड. तक्त्यात एका रकान्यात हिब्रू नाव, मग रक्कम, मग हिब्रू शहर असेल, तर नाव आणि शहर जागा बदलतात. ‘हैफा’ हे शहर माणसांच्या नावांच्या रकान्यात जातं आणि माणूस शहराच्या. मधे एखादा इंग्रजी शब्द असला तर ओळ सरळ राहते, नुसते आकडे आणि उभ्या रेघा असल्या की नाही, कारण दोन हिब्रू शब्दांमधले आकडे-रेघा त्याच उजवीकडून-डावीकडच्या तुकड्यात ओढल्या जातात. टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलचे अनेक भाग करणारा प्रोग्रॅम) दोन उभे भाग केले तर शेजारच्या भागातली अक्षरंही अशीच एकमेकांत शिरतात, कारण टर्मिनलच्या लेखी ती एकच ओळ. मात्र तक्त्याचा हा दोष फ्रिबिडीतही जसाच्या तसा आहे. नियम एकच, युनिकोडचा. म्हणून माझ्या तराजूत तो कुठल्याच पारड्यात पडत नाही. तक्ता तुमच्याच स्क्रिप्टमधून निघत असेल तर रकान्यांमध्ये डावी-उजवी दिशा सांगणारी अदृश्य खूण, यू+२००ई, टाका. दोन्हीकडे चालते.

(देवनागरीवाल्यांना यात थोडा हेवा वाटावा असं आहे. हिब्रूत जोडाक्षरं नाहीत, दिशा सुटली की बरंचसं काम झालं. आपल्या वेलांट्या सांभाळताना अजून भल्याभल्या टर्मिनलांची तारांबळ उडते.)

ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांनी मात्र जपून. २४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, तो दिशा स्वतः लावतो. टर्मिनलच्या आत चालवला आणि टर्मिनलही तेच करणारं असलं तर दोघं मिळून शब्द पुन्हा उलटा करून ठेवतात. व्हिम या दुसऱ्या एडिटरला ‘टर्मबिडी’ या पर्यायाने सांगता येतं की हे काम टर्मिनलचं आहे. ईमॅक्ससाठी मी छोटी स्क्रिप्ट ठेवलीय: सुरू होण्याआधी टर्मिनलला एस्केप, डावा चौकटी कंस, ८ आणि लहान एल पाठवते, म्हणजे ते दिशेत लुडबुड करणं थांबवतं. बाहेर पडताना शेवटी एलऐवजी एच. ही स्क्रिप्ट व्हीटीईवरच्या टर्मिनलात नीट चालते. दुसरं टर्मिनल असेल तर आधी एका शब्दावर करून पाहा, आणि तो शब्द ‘शालोम’ घ्या, चौकोन लगेच दिसतो.