फ्रान्स ट्रेनने, पाठीवर बॅग आणि जुलैचं ऊन: आम्हा दोघींचा रिव्ह्यू

आम्ही दोघी बहिणी फोंड्याच्या, जुलैत १२ दिवस फ्रान्स फिरून आलो, पॅरिस, ल्यों, आव्हिन्यों आणि मार्सेय, सगळं ट्रेनने आणि पाठीवर एकेक बॅग. निघताना घरात सगळे हेच म्हणत होते की गोंयच्या माणसाला ऊन काय नवीन, दरवर्षी मे काढतो ना आपण. म्हणून हे लिहायला बसले. तिथलं ऊन वेगळं आहे, आणि जे जाणार आहेत त्यांनी गाडीपेक्षा गाडीतून उतरल्यावरचा विचार आधी करावा.

गाडीला ५ पैकी ५. पॅरिस ते ल्यों ४०० किलोमीटरच्या वर आहे आणि टीजीव्ही, म्हणजे तिथली अतिवेगवान गाडी, ते २ तासांत नेते, १९८१ पासून या मार्गावर टीजीव्ही धावते, आणि आत एसी इतका छान की बहिणीने ओढणी अंगावर घेतली. मडगावहून मुंबईला जाताना आपण डबा, पाणी, उशी सगळं घेऊन संसार मांडतो, इथे बसेबसेपर्यंत उतरायची वेळ. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. प्लॅटफॉर्म नंबर बोर्डवर गाडी सुटायच्या साधारण २० मिनिटं आधीच लागतो, आणि सुटायच्या २ मिनिटं आधी दरवाजे बंद होतात. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवर एका हॉलमधले प्लॅटफॉर्म अक्षरांचे आणि दुसऱ्यातले आकड्यांचे, सगळे बोर्डाकडे बघत उभे असतात आणि नंबर लागला की एकदम चालायला लागतात, पाठीवर मोठी बॅग असली की त्या गर्दीत हाल होतात.

पासबद्दल खूप जण विचारतात. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना युरेल पास, म्हणजे युरोपात ट्रेनने फिरायचा पास, मिळतो, पण टीजीव्हीत पास असला तरी सीटचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे देऊन करावंच लागतं आणि पासवाल्यांसाठी जागा मर्यादित असतात. स्वस्तातल्या विगो गाड्या पासमध्ये येतच नाहीत. आम्ही ४ शहरंच करणार होतो म्हणून सुटी तिकिटं काही महिने आधी काढली, तारीख जवळ आली की दर चढतात. जवळच्या गावांना जायच्या टीईआर गाड्यांना बहुतेक ठिकाणी रिझर्व्हेशन लागत नाही, सकाळी उठून ठरवलं तरी चालतं.

आता ऊन. आपल्याकडे घाम धो धो येतो म्हणून पाणी प्यायची आठवण तरी राहते. तिथे दक्षिणेत हवा कोरडी, घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की समजतं दिवसभर पाणीच प्यायलो नाही. २८ जून २०१९ ला मोंपेलियेजवळच्या व्हेरार्ग गावात ४६ अंश झाले होते, आणि २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये जवळपास १५,००० माणसं गेली, त्यानंतर उन्हाळ्यातले इशारे नीट द्यायला लागले. जायच्या आधी हवामानखात्याच्या इशाऱ्याचा रंग बघा, नारिंगी किंवा लाल असेल तर त्या दिवशी बॅग घेऊन शहर बदलू नका. आणि खूप तापलं की रूळ प्रसरण पावतात म्हणून गाड्या हळू चालवतात, म्हणून गाडी बदलायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

आमची चूक झाली राहण्याच्या जागेत. पॅरिसमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली घेतली, लिफ्ट नाही, पंखा नाही, आणि वर जस्ताच्या पत्र्याचं छप्पर. पॅरिसची ती राखाडी छपरं फोटोत सुंदर दिसतात पण दिवसभर तापून रात्री तीच उष्णता खाली सोडतात, रात्री २ वाजता आम्ही पंचे भिजवून अंगावर टाकून पडलो होतो, बहीण रडकुंडीला आलेली. त्या जागेला ५ पैकी १, तो पण चादरी स्वच्छ होत्या म्हणून. तेव्हा बुक करताना मजला विचारा, पंखा विचारा, आणि स्टेशनपासून चालत १० मिनिटांच्या आतलीच जागा घ्या.

आव्हिन्यों मला सगळ्यात आवडलं. टीजीव्हीचं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून छोटी गाडी ५ मिनिटांत गावातल्या आव्हिन्यों सांत्र स्टेशनला नेते, हे माहीत नसलं तर माणूस भर उन्हात चालायला लागतो. जुलैत तिथे १९४७ पासूनचा नाट्योत्सव असतो, जागा फार आधी भरतात. दुपारी पोपच्या राजवाड्यात शिरलो, इतक्या जाड दगडी भिंती की आत शिरताच गार. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या लाकडी खिडक्या दुपारी बंद, आणि मला एकदम आमचं आजोळ आठवलं, म्हापशाचं, दुपारी १ वाजला की आजी खिडक्या ओढून घ्यायची आणि ४ पर्यंत घरात अंधार आणि गारवा. आम्ही पण मग तसंच केलं, सकाळी ७ ला बाहेर, १२ ला परत, खिडक्या बंद करून झोप, ५ नंतर पुन्हा बाहेर. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो, दिवस वाया जात नाही. ल्योंमध्ये दुपारी बाहेर पडावंच लागलं तर जुन्या भागातले त्राबूल म्हणजे घरांच्या पोटातून जाणारे बोळ, तिथून चाला, सावली मिळते.

पाणी विकत घेऊ नका. हॉटेलात साध्या नळाचं पाणी मागितलं तर फुकट देतात, 'कराफ दो' म्हणायचं, आणि पॅरिसमध्ये रस्त्यावर हिरव्या बिडाचे वॉलेस कारंजे आहेत, १८७२ पासूनचे, तिथे बाटली भरता येते. आम्ही घरची आमसुलं नेली होती, बाटलीत ४ टाकून चिमूटभर मीठ, साखर, दुपारपर्यंत मस्त कोकम पाणी तयार.

बॅग ३८ लिटरची, मडगावला घेतलेली, तिला ४. पाठीला जाळी आहे ते फार बरं पण बाटलीचा खिसा आखूड. ह्याच्यापेक्षा मोठी नेऊ नका, कारण मार्सेयला सां शार्ल स्टेशनवरून खाली शहरात उतरायला १०४ पायऱ्या आहेत. उतरताना समोर सगळं शहर दिसतं म्हणून खूप छान वाटतं. परतीच्या दिवशी त्याच चढायच्या होत्या, म्हणून आम्ही सकाळी साडेसहालाच निघालो, पायऱ्यांवर तेव्हा अजून सावली होती.