उतरलेल्या पाण्यातला ट्राउट: मार्चअखेर जावं की ऑक्टोबरात?

भीमेवर गळ टाकणाऱ्या सोलापूरकराला कमी पाणी नवं नाही. उजनी धरणातून नदीत सोडलेलं पाणी थांबलं की टाकळी-औजच्या पट्ट्यात डोहांतच काय ते पाणी उरतं आणि मासे तिथे गोळा होतात. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला जाणारे आपले लोक हाच हिशोब सोबत नेतात. तिथे तो निम्माच लागू पडतो.

आपल्याकडे उतरलेलं पाणी म्हणजे तापलेलं, साचलेलं पाणी. समुद्रसपाटीला 30 अंशांच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 10 अंशांच्या पाण्यात 11 च्या वर. चिलापी आणि मरळ गरम पाण्यात तग धरतात. ट्राउट मात्र पाणी 20 अंशांवर गेलं की त्रासतो. तीर्थनचं पाणी मार्चअखेर आणि ऑक्टोबरातही थंडच असतं, त्यामुळे अडचण ऑक्सिजनची नसून पाण्याच्या नितळपणाची आहे. तळाचा गोटा न् गोटा दिसतो, आणि तुम्ही माशाला दिसता.

ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी नदी फुगवतं, जुलै-ऑगस्टात पावसाने ती गढूळ होते. म्हणून उतरलेलं पाणी हवं असेल तर खरी निवड मुख्यतः मार्च आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांतली.

मार्चात पाणी इतकं गार असतं की मासा सुस्तावतो. तो खोल कुंडात, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला तळाशी बसतो आणि आमिषामागे लांब धावत नाही. पहाटे उठून काठ गाठायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. अकरा ते तीन, ऊन पाण्यावर असताना मासा हलतो. त्यातच ऊबदार दुपारी वरचं बर्फ सुटलं तर पाणी दुधाळ होऊन चढतं, आणि मध्येच पाऊस किंवा बर्फही येतं. चार दिवसांतला एखादा दिवस वाया जाणार हे धरूनच निघावं.

ऑक्टोबर त्या मानाने सुखाचा. पाऊस गेलेला, आकाश मोकळं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मासा खातो. नवख्याला मासा लागण्याची शक्यता याच महिन्यात जास्त, हे मान्यच करायला हवं. पण तीर्थनमधला मुख्य मासा ब्राउन ट्राउट. 1909 च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात बाहेरून आणलेला हा मासा शरद ऋतूत विणीला लागतो. मादी उथळ, वाहत्या खडीत खड्डा करून अंडी घालते. पाणी उतरलेलं असलं की आपण नेमके त्याच खडीवरून चालत पलीकडे जातो. अंडी भरलेली मादी गळाला लागली आणि परत सोडली, तरी ती दमलेली असतेच.

तंत्र दोन्ही वेळा सारखंच. पिठाचा गोळा लावून एका जागी बसायचं विसरा, इथे चालावं लागतं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून, वरच्या दिशेने सरकायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. तंगूस बारीक, फ्लाय (किड्यासारखं दिसणारं नकली आमिष) किंवा स्पिनर (पाण्यात गरगरणारं चकचकीत आमिष) लहान, कपडे मातकट रंगाचे. एका कुंडात दोन-चार फेकी झाल्या की पुढे व्हायचं. मासा सोडणार असाल तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढा.

प्रवासात फरक नाही. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून मनालीच्या बसने औटला उतरायचं, मग तीर्थन खोऱ्यातलं बंजार. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा आणि त्यावरच्या अटी वाचा. मार्चात घरात दहावी-बारावीची परीक्षा असेल तर अडचण, ऑक्टोबरात नवरात्र आणि कोजागरीची तुळजापूरची पायी वारी.

माझं मत मार्चअखेरीच्या बाजूने आहे. मासे कमी लागतील, पण सोडलेला मासा गार पाण्यात लवकर सावरतो आणि ब्राउनची वीण उरकलेली असते. तरीही नदीत पाय घालायचा तो मोठ्या गोट्यांवर, बारीक खडी टाळून, कारण अंड्यांतून निघालेली पिल्लं त्या दिवसांत खडीतच दडलेली असू शकतात. ऑक्टोबरच जमत असेल तर पहिला आठवडा गाठा, आणि काठावरूनच फेका.