भुसावळचे जुन्या पुस्तकांचे दुकान : एका फळीसाठी जावे असे

भुसावळ स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर, एका बोळात, जुन्या पुस्तकांचे आणि मोजमापाच्या जुन्या उपकरणांचे एक छोटे दुकान आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि जुने दिवाळी अंक यांसाठी वाट वाकडी करायचे कारण नाही. कारण आहे ते गल्ल्यामागच्या एका फळीचे. भुसावळला १९४९ पासून आणि वरणगावला १९६४ पासून आयुध निर्माणी असल्यामुळे, तिथून निवृत्त झालेल्या माणसांच्या घरची तांत्रिक पुस्तके इथे रद्दीत येतात. दुकानदार आप्पा ती किलोवर घेतात, पण किलोवर विकत नाहीत.

लष्करी प्रशिक्षण, अभियांत्रिकी आणि संगणक हे विषय आप्पा वेगळे लावत नाहीत. आधी मला तो गबाळेपणा वाटला होता. पण तोफेचा गोळा किती अंशांत उडवला तर कुठे पडेल याची कोष्टके प्रत्येक तोफेसाठी आणि गोळ्यासाठी निराळी करावी लागत, आणि गोळ्याच्या एकाच मार्गाचे गणित आकडेमोडीच्या हातयंत्रावर सोडवायला निष्णात माणसाला वीसेक तास लागत, हे वाचल्यावर आप्पांची मांडणी पटली. अमेरिकी सैन्याच्या पैशाने याच कामासाठी बांधलेल्या आणि १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाने तेच गणित तीस सेकंदांवर आणले. त्यात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, होते, आणि त्याची आज्ञावली रचणाऱ्या सहा स्त्रिया त्याआधी हीच कोष्टके हाताने मांडत असत. त्यांच्या नोकरीचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते!

आपल्याकडचा भाग फळीवर तोकडा आहे. रुडकीला १९४३ मध्ये सुरू होऊन १९४८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला आलेली लष्करी अभियंत्यांची शाळा आणि १९५८ ची डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था यांच्याविषयी दोन-तीन पुस्तिका सापडल्या, इतकेच. जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावी उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीवर तर एक ओळही नाही. ज्यांचा डोंगरात पाठलाग चालला होता, त्यांनाच कवायत शिकवून शिपाई करण्याचा तो प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला असताना हे खटकते.

मी घेतला तो दहा इंची, बांबूचा, वर पांढरा सेल्युलॉइड चढवलेला स्लाइड रूल, म्हणजे पट्टी सरकवून गुणाकार-भागाकार करायचे जुने साधन. “घेऊन पहा ना भो, याले सेल लागत नाही,” असे म्हणत आप्पांनी मधली पट्टी सरकवून तिचा एक खालच्या दोनवर आणला आणि तिच्यावरच्या तीनखाली सहा दाखवले, म्हणजे दोन त्रिक सहा. तिसऱ्या अंकापुढे त्यावर भरवसा ठेवू नये, पण तेवढ्यावर पुष्कळ कामे होतात. घरी आल्यावर मात्र रूलवरच्या, आकडे वाचायच्या काचेच्या सरकत्या खिडकीला कोपऱ्यात तडा दिसला, आणि तो विकताना सांगितला गेला नव्हता. साडेचारशे रुपयांत ही लपवाछपवी शोभत नाही. परत गेलो तेव्हा आप्पांनी पैसे दिले नाहीत, पण दुसऱ्या मोडक्या रूलची खिडकी काढून बसवून दिली. ती किंचित सैल आहे, वाचताना अंगठ्याने धरावी लागते.

उपकरण घ्यायचे असेल तर ते दाराशी, उजेडात नेऊन पाहावे, कारण फळीपाशी एकच दिवा आहे. दुपारी दोन ते चार दुकान बंद असते.