व्हॅनगार्ड आणि ब्लॅकरॉक : नफा कुणाच्या खिशात?

दोघीही लोकांचे पैसे फंडांमधून गुंतवणाऱ्या अमेरिकी कंपन्या. पैकी ब्लॅकरॉकचा हिशेब वाचायला सोपा. कंपनी 1999 पासून शेअर बाजारात आहे. 2024 चा महसूल 20 अब्ज डॉलरवर, आणि त्यातून भागधारकांना लाभांश. जॉन बोगल यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या व्हॅनगार्डला ही मोजपट्टी लावताच येत नाही. तिची मालकी तिच्याच फंडांकडे, म्हणजे पर्यायाने गुंतवणूकदारांकडे. बाहेरचा भागधारकच नाही, त्यामुळे उरलेला पैसा शुल्ककपातीत जातो. फेब्रुवारी 2025 मध्ये एका झटक्यात 87 फंडांचं शुल्क उतरलं.

मग ब्लॅकरॉक महाग? सरसकट नाही. एस अँड पी 500 या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकावरच्या ईटीएफवर (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) दोघंही वर्षाला 0.03 टक्केच घेतात. स्पर्धेपुढे मालकी कुणाची हा प्रश्न गौण ठरतो. फरक दिसतो उदयोन्मुख बाजारांच्या (चीन, भारत अशा देशांच्या) फंडांत. ब्लॅकरॉकचा ईईएम हा जुना ईटीएफ सुमारे 0.7 टक्के घेतो, म्हणजे 10,000 डॉलरवर वर्षाला 70 डॉलर. व्हॅनगार्डच्या व्हीडब्ल्यूओ या तशाच ईटीएफला दहा डॉलरसुद्धा लागत नाहीत. (परतावा ताडताना जपून : ईईएमसारख्या दक्षिण कोरियाच्या कंपन्या व्हीडब्ल्यूओमध्ये नाहीत.) गंमत म्हणजे ब्लॅकरॉककडेच याच बाजारांसाठी आयईएमजी हा स्वस्त पर्याय आहे, तरी ईईएममध्ये अब्जावधी डॉलर पडून आहेत. फंड घ्यायचा तर मी व्हॅनगार्डचा घेईन. शेअर घ्यायचा तर ब्लॅकरॉकचाच मिळतो.