'ट्रेझर आयलंड' दाखवायचाय? १९५० चा घ्यावा की १९९० चा

मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयाच्या अंगणात मुलांना 'ट्रेझर आयलंड' ही चाच्यांच्या खजिन्याची गोष्ट दाखवायची ठरली, तर विचार दोनच चित्रपटांचा करावा: डिस्नेचा १९५० चा आणि फ्रेझर हेस्टनने टीव्हीसाठी केलेला १९९० चा. व्हिक्टर फ्लेमिंगचा १९३४ चा कृष्णधवल चित्रपट हौशी अभ्यासकांसाठी ठेवा. मुलं मध्येच उठून जातील.

ज्यांनी स्टीव्हन्सनची कादंबरी (१८८३) वाचलीय आणि तीच पडद्यावर बघायचीय, त्यांनी १९९० चा घ्यावा. संवाद बरेचसे पुस्तकातलेच आहेत. डिस्नेने गाळलेली, गोष्टीचा पोरसवदा नायक जिम याची आई इथे आहे. ऑलिव्हर रीडचा बिली बोन्स आणि ख्रिस्तोफर लीचा आंधळा प्यू या दोन चाच्यांमुळे जिमच्या घरच्या खानावळीतले सुरुवातीचे प्रसंगच अंगावर येतात. जिम झालाय कोवळा ख्रिश्चन बेल. जहाज मात्र मालवण-देवगडच्या माणसाला खटकणार. पुस्तकातलं हिस्पॅनिओला जहाज स्कूनर आहे, म्हणजे शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेलं, आणि इथे दिसतं चौकोनी शिडांचं, तीन डोलकाठ्यांचं 'बाउंटी'. ते १९६२ च्या एका चित्रपटासाठी बांधलं होतं आणि २०१२ मध्ये सँडी वादळात बुडालं. पण शिडं खरी, समुद्रही खरा, त्यामुळे एवढं चालून जातं.

खरी अडचण सिल्व्हरची, म्हणजे स्वयंपाकी म्हणून जहाजावर आलेल्या, एका पायाच्या चाच्यांच्या म्होरक्याची. पुस्तकात सफरचंदांच्या पिंपात लपलेला जिम ऐकतो तेव्हा सिल्व्हर स्वतःच सांगतो की तो पन्नाशीचा आहे. १९९० च्या चित्रपटात सिल्व्हर झालेला चार्लटन हेस्टन तेव्हा पासष्टीचा होता, आणि त्याचा सिल्व्हर पहिल्यापासूनच धाक घालतो. हा माणूस आधी आवडायला हवा, तरच त्याचा दगा लागतो. रॉबर्ट न्यूटनचा सिल्व्हर गोड बोलून आपल्यालाही गुंडाळतो, तिथे १९५० चा चित्रपट सरळ पुढे जातो.

शेवटही तसाच. पुस्तकात सिल्व्हर, बेटावर एकटा सोडलेल्या बेन गन या खलाशाच्या संगनमताने नाण्यांची एक थैली घेऊन बंदरातून पसार होतो. डिस्नेने वेगळंच रचलंय: पळताना होडी वाळूत रुतते. रुतलेली होडी रेटायची तर दोन्ही पाय रोवावे लागतात, हे किनाऱ्यावरच्या पोराला सांगायला नको. सिल्व्हरला पाय एकच. तो जिमवर पिस्तूल रोखतो, पण चाप काही ओढवत नाही. शेवटी जिमच होडी ढकलून देतो. पुस्तकात नसलेला हा प्रसंग पुस्तकाच्या सगळ्यात जवळचा आहे.

म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी १९५० चा, आठवी-नववीच्या पुढच्यांसाठी १९९० चा. त्यात रक्त जास्त आहे. पहिला ९६ मिनिटांचा, दुसरा १३२. साडेसातच्या आधी पडद्यावर नीट दिसत नाही, तेव्हा १९९० च्या वेळी मध्यंतर धरूनच वेळ आखा. १९५० ची प्रत घेताना लांबी तपासा: १९७५ च्या पुनर्प्रदर्शनासाठी त्यातली मारामारी छाटली होती, ती प्रत नको. न्यूटनचे उच्चार इतके जाड आहेत की सबटायटल हवेतच. त्यासाठी पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे अक्षरं जातात. संध्याकाळच्या वाऱ्याने चादर शिडासारखी फुगते आणि चित्र वाकडं होतं. खालच्या कडेत बांबू ओवून दोन्ही टोकं खुंटीला बांधा. आणि विकत घेतलेली डीव्हीडी म्हणजे जाहीर प्रदर्शनाची परवानगी नव्हे. ती हक्कधारकाकडून वेगळी घ्यावी लागते, आणि वेळ लागतो. एप्रिलमध्ये धावपळ नको असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका.